बारा इंचांची तोफ

पत्र (थोडक्यात) : काका, नमस्कार. मी निपाणीचा, कामाला बेळगावच्या उद्यमबागेत. दर रविवारी आम्ही चौघं टिळकवाडीत एका मित्राच्या माडीवर सहा बाय चार फुटांच्या टेबलावर चिमुकली फौज मांडून, फासे टाकून १८०३ च्या दख्खनच्या लढाया खेळतो. नियम आमचे आम्हीच केलेत, त्याचा कागद सोबत जोडलाय. मी शिंद्यांच्या बाजूनं, मावसभाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं. माझ्याकडं सहा हलक्या तोफा आहेत, मारा बारा इंच. त्याच्या तोफा छत्तीस इंच मारतात. मी माझ्या सगळ्या तोफा मधोमध एका ओळीत लावतो. तीन फेऱ्यांत अर्ध्या उडतात, उरलेल्यांवर त्याचा रिसाला, म्हणजे घोडदळ, येऊन पडतो. सहा रविवार झाले, तोफा घेऊन बसतोय, खरं एकबी डाव हातात येईना. मावसभाऊ त्यांना 'टिकल्यांच्या बंदुका' म्हणतो. ह्या विकून लांब पल्ल्याच्या दोन घेऊ काय?

उत्तर :

विकू नकोस. सहापैकी एकही विकू नकोस. तुझं पत्र आणि नियमांचा कागद मी तीनदा वाचला. तुझ्या तोफांत मला काही उणं दिसलं नाही. त्या जिथं उभ्या करतोस ती जागा तेवढी चुकते, आणि जागा बदलायला पैसे लागत नाहीत.

आधी बारा इंचांचा विचार करू. हा आकडा तुला लहान वाटतो, कारण तू तो सतत मावसभावाच्या छत्तीस इंचांशेजारी ठेवून बघतोस. तुमच्या कागदावर एक इंच म्हणजे पंचवीस यार्ड धरलेत. म्हणजे तुझा मारा तीनशे यार्डांचा झाला. पुढच्या सुट्टीला येळ्ळूरच्या शिवारात जा आणि सरळ बांधावरून साडेतीनशे पावलं चाल. मागं वळून बघ, सुरुवातीला ठेवलेली तुझी पिशवी केवढी दिसते ते. तेवढ्या अंतरावरून पत्र्याच्या डब्यात भरलेल्या बंदुकीच्या गोळ्या तोफेच्या तोंडातून बाहेर पडतात, डबा फुटतो आणि गोळ्या पसरत समोरच्या रांगेवर येतात. त्या काळच्या सहा पौंडी तोफेचा छर्रा साधारण इथपर्यंतच कामाचा होता, म्हणजे तुमचा नियम बरोबर आहे. आता त्याच कागदावर पायदळाच्या बंदुकीचा मारा बघ : चार इंच. मावसभावाची पलटण तुझ्यावर एक गोळी झाडण्याआधी तिला तुझ्या छर्र्यातून आठ इंच चालत यावं लागतं. तुझी तोफ त्याच्या तोफेपेक्षा तोकडी आहे, पण त्याच्या माणसांपेक्षा तिप्पट लांब हाताची आहे. आणि डाव जिंकायचा तर त्याला माणसंच पुढं पाठवावी लागतात. गावाचा ताबा तोफा घेत नाहीत, पलटणी घेतात.

आता मुख्य गोष्ट. तोफ जेवढं लांब मारते तेवढंच लांबवर तिला दिसलं तरी पुरतं. मावसभावाच्या तोफेला छत्तीस इंच मोकळी नजर लागते, नाहीतर तिची किंमत फुकट जाते. म्हणून त्याला टेकडी लागते, उघडं माळरान लागतं. तुला फक्त बारा इंच मोकळे हवेत. तेराव्या इंचाच्या पुढं भिंत असली, जोंधळा असला, टेकाडाचा उतार असला तरी तुझं काहीच जात नाही, त्याचं मात्र सगळं जातं. तुमच्या नियमात 'मला दिसत नाही ते मी मारू शकत नाही' असं स्पष्ट लिहिलंय. तू सहा रविवार त्याला सगळं दाखवत आलास. मधोमध, एका ओळीत, पुढं काही नाही. त्यानं तीन फेऱ्या नुसते फासे टाकले, यात त्याचं कसब ते काय?

तुझ्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. टेबलावर हिरवं कापड आणि थर्माकोलच्या दोन टेकड्या, एवढंच. अरे, हे तुमचं रान असं कुठं असतं? शिंदे आणि कंपनी यांच्यातली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ला झाली, सप्टेंबर म्हणजे जोंधळा उभा असण्याचे दिवस. आपल्याकडं गणपतीनंतर बाहेर पडून बघ. पुरुषभर पीक, मधून पायवाट, पावसानं भरलेले नाले, बांध, बोराटीची कुंपणं. दिवाळीत तुम्ही पोरं अंगणात किल्ला करत होतात ना? तेच हात टेबलावर वापर. खानापूरकडची चिकट माती घे. तिचे चार इंच लांबीचे बांध थाप, गेरू लाव, झाले. जोंधळ्यासाठी केरसुणीच्या काड्या पुठ्ठ्यावर दाट चिकटव. नाल्याला निळसर-करडा रंग दिलेली पुठ्ठ्याची दीड इंची पट्टी पुरे. हे सगळ्यांनी मिळून करा आणि मांडताना एक वस्तू तू, एक मावसभाऊ, असं आळीपाळीनं मांडा, म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही. टेबल उघडं ठेवलं की लांब पल्ल्याच्या तोफांना न सांगता झुकतं माप मिळतं, हे चौघांच्याही लक्षात यायला हवं.

पीक आणि नाला, दोघांचं काम मात्र वेगवेगळं आहे, त्यात घोळ करू नकोस. जोंधळा नजर अडवतो. तो त्याच्या टेकडीच्या आणि तुझ्या तोफेच्या मध्ये, तिरका, जरा लांब असावा. तुझ्या तोफेच्या अगदी तोंडासमोर जोंधळा आला तर त्याची पलटण त्यात शिरून न दिसता तीन इंचांवर येऊन उभी राहील. नाला आणि ठेंगणा बांध नजर अडवत नाहीत, पाय अडवतात. ते तोफेच्या समोर हवेत. किती पुढं? इथं तुझ्या नियमांच्या कागदाचा नीट उपयोग करू.

त्याचा रिसाला फेरीला बारा इंच चालतो, धडक मारताना सोळा. म्हणजे तो तुझ्या माऱ्याच्या बाहेर, पंधरा इंचांवर शांतपणे उभा राहतो आणि पुढच्या फेरीत एकदम अंगावर येतो. धडक येत असताना तोफेला उलटा बार काढायला तुमच्यात फासा मिळत नाही. तुझ्या तोफा एकही बार न काढता गेल्या त्या अशा. आता तोफेपुढं पाच इंचांवर नाला आहे असं धर. नियम म्हणतो, नाल्यात चाल थांबते आणि नाल्यातून निघालेल्या फेरीत धडक नाही. मग तोच रिसाला पंधरा इंचांवरून निघतो, नाल्यात येऊन थांबतो, आणि फेरी तुझी असते. घोडे पाच इंचांवर, तुझ्या जवळच्या माऱ्यात. नाला दहा इंचांवर असता तर तुला लांबचा मारा मिळाला असता, दोन इंचांवर असता तर पहिल्या बाराला वाचलेले घोडे लगेच तुझ्या उरावर असते. चार ते सहा इंच, हे अंतर पाठ करून टाक.

मांडणीच्या वेळी आपापल्या अर्ध्या भागात मोजायला तुमच्यात मुभा आहे, डाव सुरू झाल्यावर नाही. मग मांडतानाच तोफेपासून बरोबर बारा इंचांवर एक खूण ठेव. एखादं बाभळीचं झाड, एखादा म्हसोबाचा दगड. मोजायचंच असेल तर एक वीत आणि चार बोटं म्हणजे साधारण बारा इंच. त्याची पलटण त्या दगडाला लागली की तुला मनात हिशेब करावा लागत नाही.

आता फाशांकडं येऊ. तू एकेक तोफ एकेका पलटणीवर डागतोस, 'सगळ्यांना थोडं थोडं' म्हणून. असं लिहिलंयस आणि मला खरंच हळहळ वाटली. तुमच्यात तोफेला चार फासे, लांबून पाच-सहाला लागते, सहा इंचांच्या आत चार-पाच-सहाला. एका फेरीत तीन दणके बसले तर पलटणीला धीराचा फासा, म्हणजे ती टिकते की मोडते ते ठरवणारा, टाकावा लागतो, कमी बसले तर काहीच होत नाही. हे 'काहीच होत नाही' तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. एक तोफ लांबून डागली तर तीन दणके बसण्याची शक्यता नऊत एक. दोन तोफा एकाच पलटणीवर डागल्या तर शंभरात त्रेपन्न, निम्म्याहून जास्त! तोफा दुप्पट केल्या आणि उपयोग जवळजवळ पाचपट झाला. जवळून तर एका तोफेला शंभरात एकतीस आणि जोडीला शंभरात पंच्याऐंशी. त्याचं पायदळ फेरीला सहा इंच चालतं, धडक नऊ इंचांची. बारा इंचांवर आलं की जोडीचा एक बार, सहा इंचांवर आलं की दुसरा, मग धडक. दोन्ही बार चुकवून, धीराचा फासा न टाकता तुझ्या तोफेपर्यंत पोचायची त्याची शक्यता शंभरात सात. धीराच्या फाशात तो तरून जाईलही, ते वेगळं. पण सहा रविवार त्याला तो फासा टाकायचीच वेळ आली नाही, याचं कारण एवढंच की तू तोफा विखरून डागल्यास.

तेव्हा सहा तोफांच्या तीन जोड्या कर. पहिल्या दोन जोड्या एकमेकींपासून आठ-दहा इंचांवर, तोंडं जराशी एकमेकींकडं वळवून, म्हणजे मधल्या पट्ट्यात दोन्हींचा मारा पडेल. बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं कधी निवांत चाल. बुरूज भिंतीच्या बाहेर का आलाय याचा विचार कर. बुरुजावरच्या माणसाला स्वतःचा पायथा नीट दिसत नाही, शेजारच्या बुरुजाचा दिसतो. एक बुरूज दुसऱ्याच्या पायथ्याची राखण करतो. तुझी डावी जोडी उजव्या जोडीच्या नाल्यावर डागू शकली पाहिजे आणि उजवी डावीच्या. मग एका जोडीवर रिसाला आला तरी चार तोफा त्याच्यावर बोलतात. मी मुलाला घेऊन किल्ल्यावर जायचो तेव्हा हे त्याला बोटानं दाखवायचो. टेबलावर आल्यावर त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

पायदळ कुठं? तोफांच्या पुढं अजिबात नको. तू दोन डावांत पायदळ तोफांपुढं उभं केलंस, 'तोफा वाचाव्यात म्हणून'. तोफा वाचल्या आणि मुक्या झाल्या. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चांगल्या चालत असताना आपलेच घोडेस्वार पुढं सरसावले आणि माऱ्याच्या आड आले, असं वर्णन येतं. ते वाचताना दर वेळी माझ्या पोटात कालवतं. पायदळ जोडीच्या बाजूला, दोन-तीन इंच मागं ठेव. शत्रू तोफेवर येऊन आदळला की त्याची रांग विस्कटलेली असते, त्या क्षणी बाजूनं तुझी पलटण गेली पाहिजे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करवल्या त्यांच्याबरोबर हलक्या तोफा असायच्या, वेगळ्या ढिगात नसायच्या. तू ज्या फौजेचा सरदार आहेस तिची रीतच ती होती. तोफ आणि पलटण एका घरातली. तुझ्या कागदावर मात्र दोघांची मांडणी वेगवेगळी आहे, ती एकत्र कर.

तिसरी जोडी गाड्याला जोडूनच मागं राखून ठेव, गावाच्या आड. हे तुला जड जाईल. सहापैकी दोन तोफा दोन-तीन फेऱ्या गप्प उभ्या बघून हात शिवशिवतील. पण मावसभावाचा जोर कुठं आहे हे तिसऱ्या फेरीला कळतं, आणि तेव्हा या दोन तोफा तिथं नेता येतात. हलकी तोफ घेण्यातला अर्धा फायदा हाच असतो, ती हलते. अब्दालीकडच्या उंटावरच्या जंबुरक्यांचा, म्हणजे छोट्या तोफांचा, पल्ला काही मोठा नव्हता, पण त्या हव्या तिथं नेता येत. आणि पुढं नेऊन मारायच्या तर कशा, हे १४ जून १८०७ ला फ्रीडलँडच्या लढाईत सेनार्मों या फ्रेंच सरदारानं दाखवलं. तीसेक तोफा टप्प्याटप्प्यानं पुढं नेत तो रशियन पायदळाच्या दीडशे पावलांच्या आत गेला आणि तिथून छर्रे सोडले. तुझ्या नियमात गाडा सोडायला एक पूर्ण फेरी जाते, म्हणून पहिले काही डाव हा प्रकार करू नकोस. तिसरी जोडी फक्त भगदाड बुजवायला वापर.

एक मोह टाळायला हवा. त्याच्या एखाद्या तोफेच्या बारा इंचांत तू कधीतरी पोचशील, आणि इतक्या रविवारांचा राग त्या तोफेवर काढावासा वाटेल. काढू नकोस. तोफेत चार गोलंदाज, पसरलेले. छर्रा दाटीवाटीच्या रांगेवर चालतो. पुढच्या फेरीत तुझ्यावर कोण धडकणार आहे तेवढंच बघायचं आणि त्याच्यावरच डागायचं. 'गोलंदाज' हा शब्द आपण आता क्रिकेटमध्येच वापरतो, पण तो मुळात या तोफेमागच्या माणसाचा. त्याची नजर समोर येणाऱ्यावर असायची.

तोफा गमावण्याची तुला जी धास्ती वाटते तिच्याबद्दलही सांगतो. पत्रात तू लिहिलंस, 'तोफ गेली की डाव गेल्यासारखं वाटतं.' दोन तोफा गेल्या आणि त्यापायी त्याची एक पलटण आणि एक रिसाला मोडला, तर तो सौदा तुझ्या बाजूचा आहे. असईवर काय झालं ते बघ. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. कंपनीचा सेनापती वेलस्ली, त्याच्याकडं साडेचार हजारांच्या आसपास माणसं प्रत्यक्ष मैदानात होती. शिंद्यांच्या तोफखान्यानं त्याच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतक्या झपाट्यानं पाडले, की तोफा मागं सोडून संगिनी घेऊन पुढं जायचा हुकूम त्याला द्यावा लागला. असई गावाकडं फार जवळ गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तिथल्या तोफांच्या तोंडी सापडली आणि जवळजवळ संपली. दिवसाअखेर त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेलेली किंवा जखमी होती. मैदान त्यानं जिंकलं, शंभराच्या आसपास तोफाही नेल्या. पण इंग्रजांच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनीही शिंद्यांच्या गोलंदाजांना दाद दिली आहे, कारण तोफांवर संगिनी आल्या तरी ते जागचे हलले नाहीत. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रजांची रांग त्यांना ओलांडून पुढं गेली, तसे ते उठले, तोफा उलट्या वळवल्या आणि त्याच रांगेच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला माणसं मागं फिरवून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

हे तुमच्या नियमात कुठंच नाही, आणि ज्यानं शिंद्यांची फौज मांडलीय त्याला याचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. तेव्हा पुढच्या रविवारी टेबलावर बसण्याआधी, चहा व्हायच्या वेळी, हा नियम तिघांपुढं ठेव : धडकेत शिंद्यांची तोफ गेली तर ती टेबलावरून लगेच उचलायची नाही, आडवी करून ठेवायची. जिंकणाऱ्यानं तिथं एक तुकडी राखणीला ठेवली तर तोफ कायमची गेली. तो तसाच पुढं निघून गेला आणि त्याचा माणूस तोफेपासून चार इंचांपेक्षा लांब असला, तर शिंद्यांच्या खेळाडूनं पुढच्या फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा आला तर तोफ उभी, तोंड हवं तिकडं, बार त्याच फेरीत. एका तोफेला एकदाच. डाव चालू असताना हा विषय काढू नकोस, तेव्हा कुणीच मान्य करत नाही. मावसभावाला तो जाचक वाटला तर त्याच्या बाजूनं बदल्यात काय हवं ते त्यालाच विचार. बहुतेक तो रिसाल्याला एखादा जास्तीचा इंच मागेल. दे त्याला. नाला पाच इंचांवर असला की सतरा इंचांची धडकसुद्धा नाल्यातच थांबते.

टेबल मांडून झालं की डाव सुरू करण्याआधी एकदा खाली वाक, डोळे टेबलाच्या पातळीला आण आणि त्याच्या टेकडीवरून तुझ्या चारही तोफांकडं बघ. एखादी दिसली तर ती जोंधळ्याच्या मागं दोन इंच सरकव. चारही दिसेनाशा झाल्या की मग फासे हातात घे, आणि कसा झाला डाव ते मला कळव. नाला किती इंचांवर ठेवलास तेही लिही.